तयार राहण्याची किंमत

पैसे मोजायची तयारी असूनही लगेच मिळत नाहीत अशा वस्तूंची आज यादी केली, तर एआयच्या चिप्सच्या खालोखाल एक नाव येईल. त्याच्यावर कोणी रील बनवत नाही. ते नाव म्हणजे गॅस टर्बाइन.

वीजकेंद्रात बसवायची मोठी टर्बाइन्स जगात मुख्यतः तीन कंपन्या बनवतात. अमेरिकेची जीई व्हर्नोव्हा, जर्मनीची सीमेन्स एनर्जी आणि जपानची मित्सुबिशी. आज ऑर्डर दिली, तर मोठं मशीन हातात पडायला काही वर्षं थांबावं लागतं. थांबायला वेळ नसलेले लोक दुसऱ्या वाटा शोधतायत. अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांची वापरलेली इंजिनं उतरवून, दुरुस्त करून, त्यांना जनरेटर जोडून ती डेटा सेंटरना पुरवण्याचा धंदा सुरू झालाय.

गंमत म्हणजे हेच यंत्र काही वर्षांपूर्वी कोणाला नको होतं. जीईने २०१५ मध्ये अल्स्टॉमचा वीज व्यवसाय विकत घेतला आणि तीनच वर्षांत त्यापायी २० अब्ज डॉलरहून जास्त मूल्य ताळेबंदातून कमी करायची वेळ तिच्यावर आली. सौर आणि पवनऊर्जा स्वस्त होत होती, टर्बाइनचा जमाना संपला असं बोललं जात होतं. एकदा पोळल्यामुळे आता मागणी एवढी वाढूनही या कंपन्या कारखाने बेताबेतानेच वाढवतायत.

या मशीनशी माझं नातं दोन्ही बाजूंनी आहे. मी क्लाउडवर चालणाऱ्या सिस्टिम्स सांभाळते. म्हणजे ज्यांच्यामुळे ही रांग लागली, त्या डेटा सेंटरवर माझा पगार चालतो. आणि बाबांची नोकरी उरणच्या गॅस टर्बाइन केंद्रात गेली. वीज मंडळाचं विभाजन २००५ मध्ये झालं आणि केंद्र महानिर्मितीकडे गेलं, पण आमच्या घरात आजही त्याला ‘बोर्ड’च म्हणतात. बाबा शिफ्टला जायचे म्हणजे ‘बोर्डात’ जायचे.

मी इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर घेतलं, त्यामुळे टर्बाइन मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. जे कळलं ते जेवताना कळलं.

तत्त्व सोपं आहे. हवा आत ओढायची, दाबायची, त्यात वायू जाळायचा आणि जो तापलेला झोत बाहेर पडतो त्याने पाती फिरवायची. विमानाचं इंजिन हेच करतं. खोच एकच आहे. पात्यांनी मिळवलेल्या ताकदीतली निम्म्याहून जास्त ताकद पुढची हवा दाबण्यातच खर्च होते. उरेल ती वीज. स्वित्झर्लंडमध्ये न्यूशाटेल इथे १९३९ मध्ये वीजपुरवठ्यासाठी पहिलं गॅस टर्बाइन चालू झालं, तेव्हा ४ मेगावॉट वीज मिळाली आणि कार्यक्षमता होती जेमतेम १७ टक्के. आजच्या मोठ्या यंत्रात जळलेला वायू १५०० अंश सेल्सिअसच्या वर असतो. ज्या मिश्रधातूची पाती असतात तो त्याआधीच वितळायला हवा. तो वितळत नाही, कारण पात्याच्या आतून बारीक नळ्यांतून थंड हवा खेळवलेली असते, वर सिरॅमिकचा थर असतो आणि अख्खं पातं धातूच्या एकाच स्फटिकातून वाढवलेलं असतं. अशी पाती बनवू शकणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. रांग लांब असण्याचं हे मोठं कारण आहे.

दुसरी युक्ती उरणच्या आकड्यांतच दिसते. तिथे १०८ मेगावॉटची चार गॅस टर्बाइन्स आहेत, म्हणजे ४३२ मेगावॉट. त्यांच्या धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर पाण्याची वाफ करून १२० मेगावॉटचे आणखी दोन संच चालतात. एकूण ६७२. म्हणजे वरचे २४० मेगावॉट वायूचा एक थेंबही जास्त न जाळता मिळतात. याला कम्बाइन्ड सायकल म्हणतात. याच युक्तीने आजची नवी केंद्रं ६० टक्क्यांच्या पुढे गेली आहेत. कोळशाचं चांगलं केंद्रही चाळिशीच्या आसपास अडकतं.

एवढं चांगलं यंत्र आहे, तर मग आपल्याकडे ते चालत का नाही?

कारण यंत्र आहे, वायू नाही. भारतात वायूवर चालणारी २० हजार मेगावॉटहून जास्त क्षमता उभी आहे, पण देशाच्या एकूण विजेत तिचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या केजी-डी६ मधून २००९ मध्ये वायू यायला लागला, तेव्हा त्याच्या भरवशावर केंद्रं बांधली गेली. दोन वर्षांत तिथलं उत्पादन घसरायला लागलं आणि बांधलेली केंद्रं बँकांच्या बुडीत खात्यांच्या यादीत जाऊन बसली.

महाराष्ट्राला हा धडा त्याआधीच मिळाला होता. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला तो वायूवर नाही, नाफ्थ्यावर. वीज इतकी महाग पडली की २००१ च्या मे महिन्यात तो बंद झाला आणि डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. पुढे २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी काढली आणि जवळपास २००० मेगावॉटचं ते केंद्र पुन्हा उभं केलं. पण वायूची अडचण सुटली नाही.

हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही होतो. आयात केलेला द्रवरूप वायू दहा-बारा डॉलरच्या भावाने घेतला, तर चांगल्या कम्बाइन्ड सायकल केंद्रातही एका युनिटमागे नुसत्या इंधनाचेच सहा-सात रुपये होतात. सौर प्रकल्पांच्या निविदांत वीज अडीच रुपयांच्या आसपास मिळते. युक्रेनवर २०२२ मध्ये हल्ला झाल्यावर युरोपने मिळेल तो वायू मिळेल त्या भावाने उचलला, तेव्हा आपल्यासारख्यांना बाजारातून मागे सरावं लागलं. वायूचं टर्बाइन लावणं म्हणजे आपल्या विजेचं बिल दुसऱ्याच्या युद्धाला बांधणं.

मग ही केंद्रं भंगारात काढायची का? इथे बाबांचं एक वाक्य मला आठवतं.

“मशीन बंद केलं म्हणजे सुटलो असं नाय. रोटर फिरवत ठेवायला लागतो. नायतर वाकतो.”

टर्बाइन थांबवल्यावर आतला काही टनांचा दांडा तापलेला असतो. तो तसाच ठेवला, तर वरची बाजू गरम राहते, खालची थंड होते आणि दांड्याला किंचित बाक येतो. नंतर चालू करताना तेवढा बाकही महागात पडतो. म्हणून एक छोटी मोटर त्याला तासन्‌तास हळूहळू फिरवत राहते. वीज तयार होत नाही, पैसे मिळत नाहीत, तरी कोणीतरी लक्ष ठेवून बसलेलं असतं. बंद ठेवण्यालाही कष्ट लागतात.

माझ्या कामात हीच गोष्ट वेगळ्या नावाने येते. सेलच्या रात्री ट्रॅफिक दहापट होतं म्हणून आम्ही वर्षभर दहापट सर्व्हर चालवत नाही. गरज लागली की वाढवतो, ओसरली की कमी करतो. पण ‘गरज लागली की’ या तीन शब्दांसाठी कोणीतरी कुठेतरी सर्व्हर रिकामे ठेवलेले असतात, आणि त्या रिकामेपणाचे पैसे आम्ही जास्त दराने भरतो. सगळ्यात महाग गोष्ट वापर नसते, तयारी असते.

भारताची विजेची मागणी ३० मे २०२४ रोजी २५० गिगावॉटवर पोचली. ती दुपारी भागली, कारण डोक्यावर सूर्य होता. खरी कसोटी सूर्य मावळल्यावर असते. सौर वीज तासा-दोन तासांत शून्यावर येते, आणि घराघरांत एसी मात्र चालूच असतात. कोळशाचं केंद्र एवढ्या झटकन वर येत नाही. विमानाच्या इंजिनावर बेतलेलं टर्बाइन दहा मिनिटांत पूर्ण ताकदीवर येतं. म्हणूनच त्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने वीज कायद्याचं कलम ११ वापरून मे-जूनसाठी वायूची केंद्रं सज्ज ठेवायला लावली होती. रोज चालवण्यासाठी नाही, हाताशी असावीत म्हणून.

माझ्या मते भारतात टर्बाइनचं भविष्य एवढंच आहे, आणि ते लहान नाही. वर्षातले काही आठवडे, दिवसातले काही तास. बाकीचा वेळ रोटर हळूहळू फिरत राहील. त्या तासांच्या विजेपेक्षा त्या तयारीचे पैसे द्यायची पद्धत आपण बसवली, तर आधीच बांधलेली केंद्रं उपयोगी पडतील. नवी बांधायची गरज नाही.

ही जागाही कायमची नाही. संध्याकाळच्या तासांसाठी आता बॅटऱ्या आल्या आहेत. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये बॅटऱ्यांची क्षमता १०,००० मेगावॉटच्या वर गेली, आणि तिथे काही संध्याकाळी सगळ्यात जास्त वीज बॅटऱ्यांतून येते. आपल्या सह्याद्रीत घाटघरला रात्री पाणी वर चढवून मागणीच्या वेळी खाली सोडणारं २५० मेगावॉटचं केंद्र आहे. पण बॅटरी काही तास पुरते. चार दिवस आभाळ भरलेलं असेल आणि वाराही पडला असेल, तेव्हा काय? तिथे अजून टर्बाइनला तोड नाही.

हायड्रोजन जाळू, असं कंपन्या सांगतात. अमेरिकेत युटाह राज्यातल्या डेल्टा इथे ८४० मेगावॉटचं केंद्र सुरुवातीला ३० टक्के हायड्रोजन मिसळून चालवण्याच्या बेताने उभं केलंय. ३० टक्के ऐकायला भरघोस वाटतं. पण ते आकारमानाने आहे, आणि हायड्रोजन फार हलका वायू आहे. तेवढ्याच आकारमानात त्याची ऊर्जा मिथेनच्या एक तृतीयांशाहून कमी भरते. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड कमी होतो तो साधारण ११ टक्के. जाहिरात वाचताना हा एक भागाकार करून बघावा.

मला जास्त पटणारी वाट तिसरी आहे. ब्रिटनमध्ये किलिंगहोम इथल्या जुन्या वायूकेंद्राचे जनरेटर आता इंधन न जाळता नुसते फिरवले जातात. फिरत्या जड वस्तुमानामुळे ग्रिडची लय टिकते आणि व्होल्टेज सावरतं. सौर पॅनेल हे आपसूक करत नाही. म्हणजे टर्बाइन गेलं तरी फिरणारा दांडा कामाचा राहू शकतो.

एवढं जमलं असतं, पण मध्येच माझं क्षेत्र आलं.

आत्तापर्यंतचा सगळा युक्तिवाद ‘थोडा वेळ’ या शब्दांवर उभा आहे. डेटा सेंटर थोडा वेळ चालत नाही. ते रात्री तीन वाजताही तेवढीच वीज ओढतं. त्याच्या शेजारी टर्बाइन लावलं, तर ते राखीव राहत नाही, चोवीस तासांचं होतं आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं तसंच राहतं. अमेरिकेत मेम्फिसला एक्सएआयने आपल्या डेटा सेंटरसाठी टर्बाइन्स आणून लावली, तेव्हा आसपासच्या, बहुतांश कृष्णवर्णीय वस्त्यांनी हवेच्या प्रदूषणावरून आवाज उठवला. वायू कोळशापेक्षा स्वच्छ आहे हे खरं. जाळताना त्यातून साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड निघतो. पण विहिरीपासून नळीपर्यंत जो मिथेन न जळताच गळतो, तो वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो. गळती जास्त असेल, तर फायदा हवेतच विरतो.

हे आपल्यापासून लांब नाही. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा निम्म्याच्या आसपास वाटा मुंबई परिसरात आहे. ऐरोली, रबाळे, महापे आणि आता पनवेल. उरणहून लोकलने नेरूळला उतरायचं आणि पुढची गाडी पकडायची, तासा-दीड तासात त्या बिनखिडक्यांच्या इमारती दिसायला लागतात. आज त्यांना ग्रिडची वीज पुरते. उद्या पुरली नाही, तर कोणीतरी म्हणेल की बंदर जवळ आहे, वायू आणता येईल, जवळच टर्बाइन लावू. तो प्रस्ताव कागदावर अगदी शहाणपणाचा वाटेल. दाभोळचाही वाटला होता.

आमच्या टीममध्ये एखादं मोठं मॉडेल चालवायचं ठरलं की किती पैसे लागतील आणि उत्तर किती सेकंदांत येईल, याचा हिशोब होतो. वीज कुठल्या वेळेची, कुठून येणारी, हा कॉलम त्या शीटमध्ये नसतो. खरं तर आमची कितीतरी कामं थांबू शकतात. मॉडेलचं ट्रेनिंग, रात्रीचे रिपोर्ट, बॅकअप हे सगळं दुपारच्या उन्हात करता येईल. विजेच्या टंचाईच्या तासाला अशी कामं बाजूला ठेवायची सक्ती डेटा सेंटरवर केली, तर कित्येक टर्बाइन्स बांधावीच लागणार नाहीत. हे तंत्र आमच्याकडे आजही आहे. आम्ही ते क्लाउडचं बिल वाचवायला वापरतो.

बाबांना मी हे सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, “तुमचं ते मशीन बंद केल्यावर वाकतं का?”

“नाही.”

“मग तुम्हाला थांबायला काय होतं?”

याचं तांत्रिक उत्तर मी तासभर देऊ शकते. पुढच्या आठवड्यात आमची कपॅसिटी प्लॅनिंगची मीटिंग आहे. शीटमध्ये तो एक कॉलम मी वाढवलाय. ‘हे काम थांबू शकतं का?’ असं त्याचं नाव आहे. बहुतेक ओळींसमोर ‘हो’ आलंय.