दोनदा वाजलेला दीड

दिवाळी जवळ आली की लोकांना चकलीची भाजणी आठवते, किल्ल्याची माती आठवते, लहानपणचे उटणे आठवते. मला मात्र रात्रीचा दीड आठवतो. तोही एक नव्हे, दोन. एकाच रात्री, एकाच घड्याळात, एका तासाच्या अंतराने दीड दोनदा वाजला होता. हे सांगितले की ऐकणारा माझ्याकडे जरा संशयाने पाहतो. म्हणून सगळी हकीकत सांगावी लागते.

मी संगणकशास्त्र शिकायला इंग्लंडला गेलो होतो. तिकडे काही विद्यापीठांत चार वर्षांच्या शिक्षणक्रमातले तिसरे वर्ष वर्गात न बसता एखाद्या कंपनीत पगारावर काम करून काढायचे असते. अलीकडे अभ्यास, पलीकडे अभ्यास आणि मधे नोकरीचे सारण, म्हणून त्याला ‘सँडविच कोर्स’ म्हणतात. ही रीत आजची नव्हे. संडरलंड गावच्या तंत्रविद्यालयाने ती इंजिनिअरिंगसाठी १९०३ सालीच सुरू केली होती. पण आमच्या शेजारच्या काकूंना हे कुठले ठाऊक! “एवढं कर्ज काढून पोराला परदेशी धाडलं, आणि तो सँडविचचा कोर्स करतो?” असे त्यांनी आईला मोठ्या काळजीने विचारले होते.

आजोबांना मात्र एका वाक्यात उमगले. ते म्हणाले, “म्हणजे उमेदवारीच की!” आजोबा १९४८ साली, तेराव्या वर्षी, कोकणातून मुंबईला आले आणि गिरगावातल्या एका छापखान्यात उमेदवार म्हणून राहिले. उमेदवारी या शब्दाला त्यांच्या तोंडी एक वजन होते. त्यात झाडू मारणे होते, बोलणी खाणे होते, आणि मालकाच्या हाताकडे पाहून शिकणे होते.

माझी उमेदवारी २०१६ च्या जुलैत रेडिंग गावी सुरू झाली. या गावाच्या नावाचे स्पेलिंग ‘वाचन’ या शब्दाचे, पण उच्चार रेडिंग. तिकीट मागताना मी पहिल्याच दिवशी तो चुकलो. एके काळी हे गाव बिस्किटांसाठी प्रसिद्ध होते. हंटली अँड पामर्सचे डबे इथूनच जगभर जात. आता तिथे आणि आसपास संगणकाच्या कंपन्यांची मोठमोठी काचेची घरे उभी आहेत. त्यांतल्याच एका बड्या कंपनीत मी दाखल झालो. तिचे नाव सांगत नाही. माझ्या फजितीत तिला कशाला ओढा!

पहिली अडचण कामाची नव्हतीच, हाक मारण्याची होती. माझ्या वरिष्ठ बाई पन्नाशीच्या होत्या, आणि तिथे सगळ्यांनी सगळ्यांना नुसत्या नावाने हाक मारायची. माझी जीभ वळेना. पंधरा दिवस मी त्यांना हाकच मारली नाही. पूर्वीच्या बायका नवऱ्याशी बोलताना ‘अहो, ऐकलं का’ म्हणून वेळ निभावत, तसा मी खाकरून त्यांचे लक्ष वेधून घेत असे. अखेर एक दिवस त्यांनी मला खोकल्याचे औषध आणून दिले, तेव्हा कुठे मी धीर करून नाव घेतले.

सप्टेंबरात मला स्वतंत्र काम मिळाले. ज्या ग्राहकांची बिले थकली आहेत त्यांना रात्री ई-पत्राने आठवण पाठवायची. मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. त्याने दर मिनिटाला घड्याळ पाहावे, आणि दीड वाजला की त्या रात्रीच्या यादीतली पत्रे सोडून द्यावीत. बाईंनी तो वाचून पसंत केला. माझा प्रोग्रॅम रोज रात्री हजारो घरी पत्रे पोचवतो, या विचाराने मला जी धन्यता वाटली ती परीक्षेतल्या मार्कांनी कधी वाटली नव्हती. रोज सकाळी पहिले काम म्हणजे ‘सर्व पत्रे रवाना’ ही ओळ डोळे भरून पाहणे.

आता घड्याळाकडे येतो. विल्यम विलेट नावाच्या एका इंग्रज घरबांधणाऱ्याला उन्हाळ्यातला पहाटेचा उजेड झोपेत वाया जातो याची फार हळहळ वाटे. १९०७ साली त्याने पुस्तिका छापून घड्याळे पुढे करण्याची मागणी केली. लोक हसले. विलेट १९१५ साली वारला, आणि १९१६ साली, महायुद्धात कोळसा वाचवण्याच्या निकडीने, आधी जर्मनीने आणि मग ब्रिटनने तेच केले. तेव्हापासून तिकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटेचे दोन वाजायच्या क्षणी ते मागे सरकवून पुन्हा एक वाजवतात.

२०१६ साली तो रविवार होता ३० ऑक्टोबर, आणि त्याच दिवशी लक्ष्मीपूजन होते. आईला मी कबूल केले होते की संध्याकाळी साडेसहाला, पूजेच्या वेळी, फोन करीन. गेल्यापासून मी एकच हिशेब पाठ केला होता : घरच्या वेळेतून साडेचार तास वजा करायचे. त्याप्रमाणे दुपारी दोनला फोन लावला. आई म्हणाली, “अरे, साडेसात झाले. तुझ्यासाठी आरती थांबवून ठेवली होती, शेवटी आजोबांना भूक लागली.” रात्रीतून साडेचाराचे साडेपाच झाले होते. मला वाईट वाटले. पण तिथेही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, हे कबूल केले पाहिजे.

सोमवारी, पाडव्याच्या दिवशी, कचेरीत गेलो तर गडबड चालली होती. ग्राहकांच्या तक्रारी येत होत्या. पुष्कळांना तेच पत्र दोनदा गेले होते. पत्रे वाहून नेणारी यंत्रणा दुसऱ्या विभागाची होती आणि ती पूर्वीही एकदोनदा बिघडली होती. सगळ्यांचा संशय तिच्यावर. त्या विभागाचा एक तरुण मुलगा, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा, कपाळाला हात लावून आपल्या नोंदी चाळत बसला होता.

मी माझी नोंद उघडली. एक वाजून तीस मिनिटे : सर्व पत्रे रवाना. तिच्याखाली दुसरी ओळ. एक वाजून तीस मिनिटे : सर्व पत्रे रवाना. दीड दोनदा वाजला होता, आणि माझ्या आज्ञाधारक प्रोग्रॅमने दोन्ही वेळा हुकूम पाळला होता.

मी खिडकी बंद केली. हो, बंद केली. साडेदहा वाजले होते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी एक अक्षर बोललो नाही. काम गेले तर विद्यापीठाला कळणार. विद्यापीठ सरकारला कळवणार, कारण माझा व्हिसा विद्यार्थ्याचा, आणि हे काम त्या शिक्षणाचाच भाग. बाबांनी घर तारण ठेवून कर्ज काढले होते. हे सारे मी मनात पुन्हा पुन्हा घोळवत होतो, आणि समोर तो मुलगा माझी चूक आपल्या नोंदींत शोधत होता. एकदा त्याने माझ्याकडे पाहून हसून मान हलवली. जणू म्हणत होता, काय दिवस आहे! ते हसणे मला सोसले नाही. मी उठून बाईंकडे गेलो आणि सांगितले. साडेदहापासून ठाऊक होते, हेही सांगितले.

त्या रागावतील असे वाटले होते. त्यांनी दोन्ही ओळी पाहिल्या आणि म्हणाल्या, “हा प्रोग्रॅम मीही वाचून पसंत केला होता, तेव्हा चूक दोघांची. पण हे दोन तास मात्र तुझे एकट्याचे. ते त्याला जाऊन सांग.” मी त्या मुलाला सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “सकाळी सांगितले असतेस तर बरे झाले असते.” बस, एवढेच. वर्षभरात मला बसलेला सर्वांत मोठा फटका तो.

बाईंनी जो अहवाल लिहिला त्यात काय घडले, का घडले, पुन्हा घडू नये म्हणून काय करायचे, हे सगळे होते. कोणी केले, हा रकाना नव्हता. मला मात्र त्यांनी एक यादी दिली. अकरा जणांनी दुसरे पत्र पाहून पैसेही दोनदा भरले होते. त्यांचे पैसे परत करून प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहायचे. एका वृद्ध बाईंचे उत्तर आले. त्या निवृत्तिवेतनावर जगत होत्या. दुसरे पत्र पाहून आपण पहिल्यांदा पैसे भरले हे आपल्याच लक्षात चुकीचे राहिले असावे असे त्यांना वाटले, आणि आता आपली स्मरणशक्ती चालली की काय या धास्तीने त्यांनी दोन दिवस काढले. पैसे परत आले याहून आपली आठवण बरोबर होती, याचा त्यांना आनंद झाला होता. ते उत्तर मी किती वेळा वाचले असेन! ‘हजारो ग्राहक’ या शब्दांच्या आत कोण बसलेले असते, ते मला त्या दिवशी कळले.

भाऊबीजेच्या फोनवर आजोबांना सगळे सांगितले. ते हसत सुटले. त्यांच्या उमेदवारीत मुंबईत दोन वेळा चालत. आगगाडी स्टँडर्ड टाइमवर, आणि पुष्कळ घड्याळे ३९ मिनिटे मागे असलेल्या जुन्या मुंबई टाइमवर. मालकाने एक गठ्ठा बोरीबंदरला गाडीवर घालायला सांगितला. आजोबा मुंबई टाइम पाहून ऐटीत पोचले, तेव्हा फलाट रिकामा होता. मी विचारले, “मग मालकाला काय सांगितलंत?” ते म्हणाले, “गाडी लवकर सुटली म्हणून सांगितलं.” आणि जरा थांबून म्हणाले, “हमालाला बोलणी बसली. अजून आठवतं.”

प्रोग्रॅम मी दुरुस्त केला. बहुतेक संगणक आतून १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजत असतात. त्यांना उन्हाळा नाही की हिवाळा नाही. मी त्या घड्याळाचा आधार घेतला. शिवाय प्रत्येक नावापुढे ‘पत्र गेले’ असा शिक्का मारण्याची सोय केली, म्हणजे दीड दहादा वाजला तरी पत्र एकदाच जावे. २६ मार्च २०१७ च्या रात्री मी मुद्दाम जागा राहिलो. त्या रात्री एकाचे थेट दोन होतात. दीड वाजतच नाही. जुना प्रोग्रॅम असता तर एकही पत्र गेले नसते. खोलीतल्या घड्याळात अडीच झाले, पत्रे गेली, एकेकदाच गेली, आणि मी झोपलो.

आता मी पुण्यात असतो. आजोबा नाहीत. माझ्या हाताखाली दरवर्षी एकदोन उमेदवार येतात. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी असाच काहीतरी घोटाळा झाला, आणि एक मुलगी आपल्या जागी फार शांत बसलेली दिसली. ती शांतता माझ्या ओळखीची होती. मी चहाचे दोन कप घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसलो आणि तिला एका रात्री दीड दोनदा कसा वाजला, ते सांगायला लागलो. माझी गोष्ट संपायच्या आतच तिने आपली सुरू केली.