नमनाला घडाभर तेल

टीकाकाराने स्वतःविषयी किती बोलावे, हा प्रश्न टीकेइतकाच जुना आहे. परंतु व्हिडिओ गेमच्या परीक्षणांविषयी तो सध्या ज्या त्वेषाने विचारला जातो, तितक्या त्वेषाने तो ग्रंथपरीक्षणाच्या किंवा नाट्यपरीक्षणाच्या प्रांतात आज क्वचितच विचारला जात असेल. एखादा नवा खेळ प्रसिद्ध होतो. तो घ्यावा की न घ्यावा या विवंचनेत पडलेला वाचक परीक्षण उघडतो. आणि पाहतो तो पहिल्या चार परिच्छेदांत परीक्षकाचे बालपण, त्याचा मोडलेला प्रेमसंबंध, त्या रात्रीचा पाऊस आणि रिचवलेले कॉफीचे पेले! खेळाचे नाव पाचव्या परिच्छेदात उगवते आणि सहाव्यात पुन्हा मावळते. नमनालाच घडाभर तेल जळावे आणि मुख्य खेळ उभा राहण्यापूर्वीच मशाल विझावी, तसा हा प्रकार होतो. वाचक चिडतात, उपरोधाची पत्रे लिहितात, ‘आम्ही खेळाविषयी विचारले होते, तुमच्याविषयी नव्हे,’ असे स्पष्ट सुनावतात. हा राग कितपत न्याय्य आहे, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण खेळांच्या निमित्ताने निघालेला हा वाद सर्वच टीकेच्या मुळाशी जाऊन भिडणारा आहे.

प्रथम वाचकाची बाजू घेऊ. मोठ्या प्रकाशकांचा नवा खेळ आज अमेरिकेत बहुधा ७० डॉलरच्या आसपास विकला जातो. आपल्याकडे त्यास ४,००० ते ५,००० रुपये पडतात. शिवाय असा खेळ शेवटास न्यावयाचा तर कित्येकदा ४०-५० तास खर्ची घालावे लागतात. परीक्षकास मात्र खेळाची प्रत बहुधा प्रकाशकाकडून विनामूल्य येते, आणि तीही इतरांच्या आधी. ज्याची पदरमोड व्हावयाची आहे त्याने ज्याची झालेली नाही त्याच्यापाशी सल्ला मागावा, आणि सल्ल्याऐवजी आत्मवृत्त ऐकून परतावे, यात वाचकाची फसगत आहे यात संशय नाही. खेळांची पहिली नियतकालिके हे ओळखून होती. १९८४ साली इंग्लंडात निघालेल्या ‘क्रॅश’सारख्या मासिकांनी परीक्षणास ग्राहकाच्या मार्गदर्शिकेचे रूप दिले व खेळाच्या निरनिराळ्या अंगांस वेगवेगळे गुण देण्याची चाल पाडली. जपानातील ‘फामित्सू’ने तर एका खेळावर चार परीक्षक बसवून प्रत्येकी १० याप्रमाणे ४० गुणांची योजना केली. हे पूर्ण ४० गुण प्रथम मिळाले ते १९९८ साली, ‘द लेजेंड ऑफ झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम’ या खेळास. एका माणसाची लहर चौघांत वाटून सौम्य करावी, हा या योजनेचा गुण होय.

मग परीक्षणात ‘मी’ शिरला कोठून? २००४ साली किरन गिलन या इंग्रज पत्रकाराने एक जाहीरनामा लिहिला. टॉम वुल्फने १९७३ साली आपल्या संग्रहाद्वारे ज्या ‘न्यू जर्नालिझम’चा पुरस्कार केला होता, त्याच धर्तीवर खेळांचीही पत्रकारिता व्हावी, असे त्याचे म्हणणे. खेळाचे खरे मोल यंत्राच्या चित्रांत नसून खेळणाऱ्याच्या अनुभवात आहे. सबब परीक्षकाने यंत्राची मोजदाद करणे सोडून, काल्पनिक प्रदेशात जाऊन आलेल्या प्रवाशाप्रमाणे लिहावे, असा त्याचा आशय होता.

त्याच्यासमोर जो आदर्श होता, तो पाहण्याजोगा आहे. ‘जेडाय आउटकास्ट’ या २००२ सालच्या खेळात दूरदूरचे खेळाडू प्रकाशाच्या तलवारींनी परस्परांशी द्वंद्व करीत. द्वंद्वापूर्वी मस्तक लववून प्रतिस्पर्ध्यास वंदन करावे, अशी चाल खेळाडूंनीच आपसात पाडली होती. खेळाच्या नियमांत ती कोठेही नव्हती. वंदन करताना खेळाडू क्षणभर निराधार होतो, आणि त्या क्षणी वार न करणे हीच सभ्यता ठरते. अशा एका द्वंद्वात प्रतिस्पर्ध्याने कृष्णवर्णीयांस उद्देशून वापरल्या जाणाऱ्या अत्यंत हीन शिवीने संबोधून लेखकास वंदन करण्याचा हुकूम सोडला. तो प्रसंग लेखकाने प्रथमपुरुषी सांगितला आहे. येथेही नमनच आहे. परंतु त्यात जळलेल्या तेलाचा थेंब न् थेंब प्रकाश देतो. निर्मात्यांनी न घातलेले नियम खेळाडू कसे घालून घेतात, आणि ते पाळण्यास व मोडण्यास किती मोल पडते, हे त्या ‘मी’वाचून कळलेच नसते. पुढे अनुकरण करणारे आले. त्यांनी त्या लेखातील ‘मी’ तेवढा उचलला, द्वंद्व मात्र तेथेच ठेविले!

दोष ‘मी’ या शब्दाचा नव्हे, एवढे यावरून दिसेल. पुस्तक कोणी न वाचता कपाटात पडून राहिले तरी त्यातील मजकूर लिहिलेला असतो. खेळ मात्र खेळणाऱ्याने हात लाविल्यावाचून घडतच नाही. ‘पेपर्स, प्लीज’ या २०१३ सालच्या खेळाचे उदाहरण घ्या. त्यात खेळाडू हा एका दडपशाहीच्या राज्यातील सरहद्दीवरचा कारकून असतो. लोकांचे कागद तपासावयाचे. जितके लोक तपासाल तितकी मजुरी. चूक झाली तर दंड. आणि त्या मजुरीत घरभाडे, अन्न व ऊब यांची तोंडमिळवणी. एक मनुष्य सरहद्द ओलांडतो आणि मागून आपली पत्नी येत आहे, तिच्याशी सदयतेने वागा, अशी विनवणी करतो. ती येते, पण तिच्यापाशी प्रवेशाचा परवाना नसतो. ‘मी तिला परत पाठविले, कारण त्या दिवशी माझ्या घरी पैसा नव्हता,’ असे परीक्षकाने लिहिले तर ते आत्मचरित्र नव्हे, ती त्या खेळाची साक्ष आहे. दया कशी महाग पडते हे दाखविण्यासाठीच तो खेळ रचला आहे. पण तोच परीक्षक आपण स्वतः पारपत्रासाठी रांगेत कसे तिष्ठलो, हे दोन पाने सांगत बसला, तर वाचकाने पान उलटणे अगदी रास्त होय.

गड चढताना वाटाड्यास धाप लागली, तर त्या धापेवरून चढ किती खडा आहे हे मागच्यास कळते. ती धाप त्याने लपवू नये. परंतु पायऱ्या कोठे ढासळल्या आहेत हे सांगावयाचे सोडून तो आपल्या भाऊबंदकीची कथा लावील, तर मागच्याने काय करावे? मराठी वाचकास हा भेद नवा नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात प्रा. ना. सी. फडके यांनी गुजगोष्टींचा पायंडा पाडला, तेव्हापासून लेखकाचा ‘मी’ आपण आवडीने वाचीत आलो आहो. परंतु गुजगोष्टीत विषय हे निमित्त असते, आणि ते वाचकास आधीच ठाऊक असते. परीक्षणात विषयाचे निमित्त झाले की करार मोडला.

येथवर वाचकाचा पक्ष बळकट आहे. परंतु याच तक्रारीच्या पोटात दुसरी एक तक्रार लपलेली असते. ‘परीक्षण निखळ वस्तुनिष्ठ हवे,’ असा आग्रह धरणाऱ्यांची थट्टा करण्यासाठी एका परीक्षकाने ‘फायनल फँटसी १३’ या २००९ सालच्या खेळाचे संपूर्ण वस्तुनिष्ठ परीक्षण लिहून दाखविले होते. हा एक खेळ आहे, यात चित्रे आहेत, संगीत आहे, अशा थाटाचे! थट्टेचा भाग सोडला तरी खरी गोष्ट गंभीर आहे. २०१३ साली ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ या खेळाचे परीक्षण अमेरिकेतील ‘गेमस्पॉट’मध्ये एका स्त्रीने लिहिले. तिने खेळाची स्तुती केली व १० पैकी ९ गुण दिले. मात्र त्यातील स्त्रियांच्या चित्रणात हेटाळणी आहे, असेही नमूद केले. एवढ्यावरून हजारो वाचक तिच्यावर तुटून पडले, आणि तिला नोकरीवरून काढावे, असा अर्जही सह्यांसाठी फिरविण्यात आला. या लेखात कॉफी नव्हती, पाऊस नव्हता, लांबण नव्हती. जे होते ते खेळातलेच होते. फक्त ते पाहणारा डोळा बहुसंख्य वाचकांचा नव्हता. ज्याचा ‘मी’ आपल्यासारखा, त्यास आपण वस्तुनिष्ठ म्हणतो, आणि ज्याचा निराळा त्यास आत्मरत ठरवितो, हा कोठला न्याय? गड चढताना स्त्रीस कोठे ठेच लागते हे सांगणारी वाटाडी आपल्या भाऊबंदकीची कथा सांगत नसते.

वाचक केवळ ‘मी’ला किंवा लांबीला विटत नाहीत, याचाही पुरावा आहे. २०२१ साली टिम रॉजर्स या समीक्षकाने ‘तोकिमेकी मेमोरियल’ या १९९४ सालच्या जपानी खेळाचे चित्रफितीच्या रूपात केलेले परीक्षण सुमारे सहा तासांचे आहे. त्यात रॉजर्स ठायी ठायी आहे, आणि तरीही रसिकांनी ते आवडीने पाहिले. आमच्या मते याचे कारण एवढेच की, त्या सहा तासांत तो खेळ हातचा सुटत नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही स्वतःस ‘आम्ही’ म्हणत आहो. हे अनेकवचन मराठी नियतकालिकांत जुने आहे, आणि त्याच्या आड एकच मनुष्य बसलेला असतो हे वाचक जाणतात. ‘मी’ झाकल्याने तो नाहीसा होत नाही. म्हणून तो झाकला की उघडा ठेविला यावर निवाडा करू नये. परीक्षण मिटल्यावर खेळाविषयी असे काय कळले की जे वेष्टनावर छापलेले नव्हते, एवढेच वाचकाने स्वतःस विचारावे. काही कळले असेल तर कॉफीच्या पेल्यांची क्षमा करावी. काहीच कळले नसेल तर संपादकास खुशाल खरमरीत पत्र लिहावे. मात्र जे कळले ते केवळ रुचले नाही म्हणून लेखणी उचलली असेल, तर पत्र टपालात टाकण्यापूर्वी ते परीक्षण आणखी एकदा वाचावे.