सात पोती आणि एक सांगाडा

परवा कुरिअरवाल्यानं एक लहानसं खोकं आणून दिलं. इंग्लंडहून आलेलं. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत क्रोमची एक खिट्टी होती. चकचकीत, हलकी, मापाला अचूक. हेराल्ड गाडीच्या बॉनेटला डाव्या अंगानं बसते ती. मी ती घेऊन मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. गाडीवर त्या जागी आधीच एक खिट्टी आहे. पितळेची. वरचा निकेलचा मुलामा झिजून कडांना आतला पिवळा रंग उघडा पडलाय. ती इथंच, विट्यात ओतलेली, १९८६ साली. दोन्ही शेजारी शेजारी धरल्या आणि मधली सगळी वर्षं दोन बोटांच्या अंतरात येऊन उभी राहिली.

गाडी आमच्याकडं आली ती १९८५ च्या उन्हाळ्यात, मद्रासहून. तात्या, म्हणजे माझे चुलते, तिथं गलाईच्या धंद्यात होते. विट्याच्या माणसाला गलाई समजावून सांगावी लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. सराफांकडचं जुनं, डागाचं सोनं-चांदी मुशीत आटवायचं, तेजाबानं शुद्ध करायचं आणि लगड करून परत द्यायची. खानापूर-आटपाडीचा हा पट्टा दुष्काळी. शेतात भागेना म्हणून इथली पोरं परमुलखात गेली आणि मुशीपुढं बसली. आज देशात कुठल्याही शहराच्या सराफ पेठेत जा, विट्याच्या बाजूचा माणूस भेटतो. या धंद्यात दुकानातली धूळसुद्धा झाडून टाकत नाहीत, जपून ठेवतात, कारण तिच्यात सोन्याचा कण असतो. तात्यांची नजर त्या धुळीवर तयार झाली होती. मद्रासला एका घराच्या परसात कुणीतरी हौसेनं दुरुस्तीला सोडवलेली आणि मग तशीच टाकून दिलेली गाडी त्यांना दिसली. लोकांना ते भंगार वाटत होतं. तात्यांनी ते विकत घेतलं आणि परतीच्या ट्रकमध्ये घालून विट्याला पाठवलं.

आमच्या मागाच्या शेडसमोर ट्रक थांबला. आधी चाकांवरचा सांगाडा उतरला. मग बॉनेट, दोन दारं, डिकीचं झाकण. मग एकामागून एक सात पोती. एकात नट-बोल्ट, एकात वायरिंगचा गुंता, एकात इंजिनचे सुटे भाग, एकात जुन्या धोतरात गुंडाळलेले दिवे. आजीनं विचारलं, "ह्यात गाडी कुठं हाय?" कुणालाच उत्तर देता येईना.

मिस्त्रींना बोलावणं गेलं. ते ट्रकची आणि शेतावरच्या ऑइल इंजिनांची कामं करायचे. त्यांनी सगळी पोती सोडून पाहिली, पुन्हा बांधली आणि म्हणाले, "सुटं आलंय ते बरं झालं. जोडल्यालं आसतं तर आधी उसवत बसाय लागलं आसतं."

ते बोलले त्याच्यामागं गाडीचा सगळा इतिहास उभा होता, हे मला फार उशिरा कळलं. ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडात १९५९ साली आली. तिचं रूप तुरीनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी रेखलं. त्याआधी, १९५३ साली, गाड्यांची अंगं बनवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी बीएमसी या प्रतिस्पर्ध्यानं घेतली होती. स्टँडर्ड-ट्रायम्फला अख्खं अंग एका जागी करून मिळेना. म्हणून त्यांनी वेगळी चासी ठेवली आणि ठिकठिकाणी केलेले भाग तिच्यावर बोल्टनं जोडायचं ठरवलं. अडचणीतून निघालेली वाट होती ती, पण त्यामुळं ही गाडी पान्यांच्या एका संचावर सुटते आणि जुळते. हीच चासी आखूड करून १९६२ साली ट्रायम्फनं स्पिटफायर ही दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार काढली, आणि तिचं इंजिन म्हणजे हेराल्डच्या इंजिनचंच थोरलं भावंड. स्पिटफायरचा कारखाना काही आपल्याकडं आला नाही. आपल्याला तिची सख्खी बहीण मिळाली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌सनं १९६१ पासून ९४८ सीसीची हेराल्ड इथं बनवली. फियाट आणि अँबेसेडरच्या त्या जमान्यात ठेंगणी, दोन दारांची, बॉनेट पुढच्या बाजूला उलटं उघडणारी ही गाडी पोरासोरांच्या मनात भरायची. आमची १९६४ ची.

बॉनेट उघडलं की पुढचे मडगार्डसुद्धा सोबत वर जातात आणि इंजिन, स्टिअरिंग, पुढची चाकं, सगळं समोर मोकळं होतं. मिस्त्री पुढच्या टायरवर बसून काम करायचे, चुलीपुढं बसावं तसं. मी शाळेतून आलो की पाने पुढं करायच्या कामाला. कुठला भाग कुठल्या पोत्यातून निघाला हे ध्यानात राहावं म्हणून त्यांनी दाराच्या आतल्या पत्र्यावर, सीटखाली, चासीवर पांढऱ्या तेलरंगानं आकडे घातले: पो. १, पो. ३, पो. ६.

काय आहे यापेक्षा काय नाही याची यादी मोठी निघाली. कार्बोरेटर नव्हता, मागचा एक दिवा नव्हता, पुढची काच नव्हती, बॉनेटची डावी खिट्टी नव्हती. गाडी बनवणारी कंपनी मद्रासलाच, पण हेराल्ड बंद होऊन दीड दशक होत आलेलं. मग पत्रांचं सत्र सुरू झालं. हवा असलेला भाग दुसऱ्या बाजूचा असेल तर कागदावर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवायची, मापं लिहायची आणि कागद पाकिटात घालून तात्यांना धाडायचा. तात्या रविवारी दुकान बंद ठेवून पुदुपेटच्या जुन्या भागांच्या बाजारात फिरायचे. तिथं नसेल तर कोइमतूरच्या पाहुण्यांना निरोप जायचा. मिळालेली वस्तू टपालानं येत नसे. यात्रेला, लग्नाला, दिवाळीला गावाकडं निघालेल्या कुणाच्या तरी ट्रंकेत ती असायची. पुढची काच एका नवरीच्या गाद्यांमध्ये गुंडाळून आली. मागचा दिवा ज्यांनी आणला, त्यांना तो कशाचा आहे हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तात्यांनी दिला म्हणून त्यांनी तो दीड दिवस मांडीवर धरून आणला.

कार्बोरेटर मिळालाच नाही. मिस्त्रींनी फियाटचा घेतला आणि मधला जोड लेथवर करून घेतला. आमच्या या भागात लेथवरच्या माणसाला मान आहे. इथून जवळच, कुंडलच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना वसवला. लोखंडाला आकार देणारे हात त्या माळावरून सगळ्या परिसरात पसरले. विट्यात मागांमुळं लेथ होतेच. मागाचा दांडा करणाऱ्या माणसानं आमच्या गाडीचा बुश केला.

राहिली खिट्टी. उजवी होती, डावी हवी होती. उजवीचा साचा घेतला असता तर पुन्हा उजवीच निघाली असती. मिस्त्रींनी आईचा आरसा मागून घेतला. उजवी खिट्टी आरशापुढं ठेवली आणि आरशात बघत बघत सागाच्या तुकड्यातून डावी कोरली. पितळ निवताना आकसतं म्हणून केसभर मोठी ठेवली. ओतारी आळीत वाळूच्या साच्यात ती ओतली. पहिलीला आत पोकळी राहिली. दुसरी नीट उतरली. दोन दिवस कानस चालली, मग निकेल चढलं. १९८६ च्या खंडेनवमीला गाडी पूर्ण झाली. हळदी-कुंकू लावून मांडलेल्या हत्यारांशेजारी ती उभी राहिली आणि मिस्त्रींनी किल्ली फिरवली. दुसऱ्या दिवशी दसरा. विट्यात दसऱ्याला पालख्यांची शर्यत असते, सगळं गाव रस्त्यावर असतं, गलाईवाले झाडून घरी आलेले असतात. त्या गर्दीत तात्या गाडीला टेकून उभे होते. ज्यांच्या ट्रंकांतून गाडी आली ती माणसं येऊन आपापला भाग शोधत होती.

पाच वर्षं ती विट्याच्या गल्लीबोळांत फिरली. हेराल्ड पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते; आमच्या बोळाच्या तोंडाशी ती एका दमात वळायची आणि पोरं टाळ्या पिटायची. मग १९९१ च्या पावसाळ्यात, कराड रस्त्याला, पुढचं डावं चाक आत दुमडलं. वेग नव्हता, कुणाला लागलं नाही. पण तो भाग मिळेना. गाडी शेडमध्ये गेली आणि तिच्यावर ताडपत्री पडली.

ती निघाली ती तीस वर्षांनी.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी नियम काढले. अशा वाहनाला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी; चासी, अंग, इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही. बातमी वाचली आणि मी ताडपत्री ओढली. तात्या तेव्हा नव्हते. मिस्त्रीही नव्हते. त्यांचा मुलगा आता गॅरेज चालवतो, संगणक जोडून गाड्यांचे दोष वाचतो. तो आणि माझा पुतण्या, दोघांनी काम हाती घेतलं.

आता पत्रं नाहीत. पुतण्या भागाचा फोटो काढतो, चार जणांना पाठवतो आणि जेवण होईपर्यंत उत्तर येतं. हेराल्डचे आणि स्पिटफायरचे बरेच भाग सारखे, आणि स्पिटफायरला जगभर चाहते, म्हणून इंग्लंडात त्यांचं उत्पादन आजही चालतं. कंपनीची दुरुस्तीची पुस्तिका, जी १९८५ साली आम्हाला पाहायलाही मिळाली नव्हती, ती मोबाइलवर उघडते. आणि त्या पुस्तिकेनंच मला १९९१ चा उलगडा करून दिला. या गाडीच्या पुढच्या चाकाचा पोलादी खांब खाली पितळी धातूच्या ट्रनियनमध्ये स्क्रूसारखा फिरतो. त्यात ग्रीस नाही, गिअरचं तेल घालायचं असतं. ग्रीस वाळतं, पाणी आत शिरतं, आटे गंजतात आणि खांब तुटतो. मिस्त्रींनी ट्रकला घालतात तसं दर महिन्याला न चुकता ग्रीस भरलं होतं. त्यांनी निगा राखण्यात कसूर केली नव्हती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. त्या दिवशी मी बराच वेळ मोबाइल हातात धरून बसलो. हे एक पान तेव्हा टपालानं आलं असतं तर गाडी थांबली नसती, आणि मिस्त्रींनी जाईपर्यंत स्वतःला दोष दिला नसता. म्हणून 'जुनं तेच सोनं' असं मी म्हणत नाही. ज्ञान हाताशी असणं हे आजचं मोठं सुख आहे.

पण दुसरी बाजूही आहे. फियाटचा कार्बोरेटर आम्ही काढला, मूळ जातीचा सोलेक्स बसवला. काम सोपं झालं. मात्र तो शोधताना आमचं कुणाशी नातं जुळलं नाही, कुणी तो मांडीवर धरून आणला नाही. भाग मिळत नाही तेव्हा माणूस तो बनवायला बसतो, आणि बनवताना शिकतो. ही हिंमत आपल्याकडं होती. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी १९४९ पासून पाव शतक आपल्या लहान 'मीरा' गाडीवर खपले. ती कारखान्यापर्यंत पोचली नाही तरी त्यांनी तिची रूपांवर रूपं घडवली. आणि ही हिंमत विझलीय असंही नाही. आमच्या शेजारच्या देवराष्ट्र्यात एका कारागिरानं भंगारातल्या भागांतून, दुचाकीसारखी किक मारून चालणारी छोटी जीप केली. आनंद महिंद्रांनी ती पाहिली आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्या कारागिराला नवी बोलेरो मिळाली. ही बातमी वाचून मिस्त्रींचा मुलगा म्हणाला, "आण्णा आसतं तर आधी जाऊन तिची किक बघून आलं आसतं."

गाडी सुटी करताना त्यानंच दाराचं आतलं अस्तर उचकटलं. पत्र्यावर पांढरा आकडा होता: पो. ३. चासीवर पो. १. सीटखाली पो. ६. त्यानं बोट फिरवलं आणि काही न बोलता पोत्यांऐवजी प्लॅस्टिकचे सात डबे मांडले. त्यांवर तेच आकडे घातले. पुस्तिका समोर उघडी होती, तरी गाडी जुळली ती वडिलांच्या खुणांवर. रंग देताना ते आकडे त्यानं झाकू दिले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात गाडी रस्त्यावर आली. पहिली फेरी रेवणसिद्धाच्या दर्शनाला, रेणावीला. माझ्या लहानपणी या दिवसांत इथं माळ करपलेला असायचा. आता टेंभू योजनेनं उपसून आणलेलं कृष्णेचं पाणी पाटात दिसतं, ऊस दिसतो. ज्या कोरडेपणानं तात्यांना मद्रासला नेलं आणि ही गाडी आमच्या दारात आणली, तो कोरडेपणा ओसरतोय. ते पाहून मला बरं वाटलं.

व्हिंटेजचा अर्ज भरायचा आहे. त्यासाठीच इंग्लंडहून खिट्टी मागवली होती, गाडी अगदी मूळच्यासारखी व्हावी म्हणून. परवा ती हातात धरून मी विचार करत राहिलो, मूळ म्हणजे नेमकं कुठलं? ही गाडी जन्मालाच आली ती ठिकठिकाणाहून आलेले भाग बोल्टनं जोडून. तिच्यात पुदुपेट आहे, कोइमतूर आहे, नवरीच्या गाद्या आहेत, आईचा आरसा आहे. नियम चासी, अंग आणि इंजिन विचारतो, ती तिन्ही तिची स्वतःची आहेत. खिट्टीपुरता निर्णय माझ्या हातात आहे.

इंग्लंडची खिट्टी मी सागाच्या त्या जुन्या नमुन्याशेजारी कपाटात ठेवली. गाडीवर जी होती ती आहे. खंडेनवमी जवळ आलीय. बॉनेट उघडून इंजिनला हळदी-कुंकू लावायचं असतं. त्यासाठी दोन्ही अंगांच्या खिट्ट्या सोडाव्या लागतात. उजवी मद्रासची, डावी विट्याची. एकटीनं बॉनेट उघडत नाही.