चि. रोहनला: गॅस भरण्याआधी

ठाणे



काल फोनवर म्हणालास, "मामा, इनडोअर कॉइलवर बर्फ होता, गेज खाली होता, म्हणून गॅस भरला." रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

तुझ्या वयाचा असताना मीही एका दवाखान्याच्या आर-२२ गॅसच्या एसीत असाच गॅस भरला होता. पंधरा दिवसांत कॉम्प्रेसर गेला. फिल्टर धुळीने बुजला होता, आणि मी तो उघडूनही पाहिला नव्हता.

म्हणून गॅस भरण्याआधी सुपरहीट मोजायची. ती काय, ते आधी समजून घे. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी शंभर अंशांच्या वर उकळतं. तसंच दाबाप्रमाणे गॅसचं उकळायचं तापमान ठरतं. कॉइलमध्ये द्रव उकळून संपला की पुढे वाफ जितकी तापते, ती सुपरहीट.

मोजायची कशी? मशीन पंधरा मिनिटं चालू दे. सक्शन पाइप पुसून सर्व्हिस व्हॉल्व्हजवळ प्रोब घट्ट बांध आणि वरून इन्सुलेशन गुंडाळ; नाहीतर पाइपाऐवजी बाहेरची गरम हवा मोजशील. आर-२२ ला गेज ७० पीएसआय दाखवत असेल, तर दाब-तापमानाच्या चार्टवर ५ अंश. पाइप १२ अंश, म्हणजे सुपरहीट ७. आर-३२ ला त्याच ५ अंशांसाठी १२३ च्या आसपास दाब लागतो, म्हणून आधी मशीनवरची पाटी वाच. कॅपिलरीच्या मशीनमध्ये सुपरहीट हवामानाप्रमाणे बदलते, हेही ध्यानात ठेव.

आता बघ. आर-२२ चा गेज ५५ वर आला, म्हणजे उणे १ अंश. पाइप १ अंश असेल तर सुपरहीट फक्त २. कॉइलवरून हवाच जात नाही, त्यामुळे द्रव उकळायचा राहतोय. पाइप १५ असेल तर सुपरहीट १६. कॉइलला गॅस पुरत नाही. मग आधी गळती शोध. गेज तोच, बर्फ तोच, पण दुखणी उलटी. पहिल्या दुखण्यात गॅस भरलास, तर द्रव कॉम्प्रेसरपर्यंत पोचतो. तेल पातळ होतं, व्हॉल्व्ह तुटतात, कारण द्रव दाबला जात नाही.

उद्या जिथे गॅस भरलास त्या घरी परत जा. फिल्टर धू, बर्फ पूर्ण वितळू दे, मग मोज. गॅस जादा निघाला तर रिकव्हरी सिलिंडरमध्ये घे, हवेत सोडू नकोस. त्या घरमालकाने तुझ्या शब्दावर पैसे मोजलेत.

संध्याकाळी दोन्ही आकडे मला कळव, दाबाचाही आणि पाइपाचाही.

तुझा,
मामा