पाचशे पाहुण्यांची सोय

बँकेच्या नोकरीतली एकतीस वर्षे मी इतरांनी लिहून दिलेल्या आकड्यांची शहानिशा करण्यात घालवली. कर्जत-खालापूर भागात शाखाधिकारी असताना भातगिरण्यांच्या कॅश क्रेडिट खात्यांची गोदाम-तपासणी माझ्याकडे असे. दरमहाच्या स्टॉक स्टेटमेंटवर पोत्यांची संख्या सुबक अक्षरात लिहिलेली असे. एकदा प्रत्यक्ष गोदामात गेलो, तेव्हा दर्शनी थप्पी भाताची आणि तिच्या मागची सगळी तुसाची निघाली. त्या व्यापाऱ्याला मी त्या दिवशी जे ऐकवले, ते आठवले की आता मान खाली जाते. कारण निवृत्तीनंतर मी स्वतःच एका छापील कागदावर तुसाची थप्पी रचली, आणि ती वीस वर्षांच्या एका मुलीकडून रचून घेतली.

आमच्या समाजाचे एक भवन कर्जतला आहे. वडिलांच्या पिढीने पै-पै जमवून बांधलेले. खाली सभागृह व भोजनगृह, वर सोळा खोल्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला आणि मुंबईची कुटुंबे विवाहासाठी, सगाईसाठी या बाजूला येऊ लागली. ती येऊ लागली तशी चौक-कर्जत रस्त्यालगत फार्महाऊस आणि रिसॉर्टही उभी राहिली. त्यांच्या गुळगुळीत ब्रोशरांपुढे आमची सायक्लोस्टाईल धाटणीची दरपत्रिका कोण पाहणार? भवन महिन्यातून वीस-बावीस दिवस रिकामे राहू लागले. विश्वस्त मंडळाच्या सभेत ठरले की नवे फोल्डर, दोन फ्लेक्स आणि मोबाईलवर पाठवता येतील अशी पत्रके करून घ्यावीत. खर्चाचा विषय निघताच एका विश्वस्तांनी सुचवले, "एखादी इंटर्न घ्या. हल्ली पदवीला प्रत्यक्ष कामाचे गुण असतात. मुलांनाच गरज असते."

अशा रीतीने डिसेंबरात ती आली. उपयोजित कलेची विद्यार्थिनी. घर खोपोलीच्या अलीकडे लौजीला, वडील एका कारखान्यात फिटर. कर्जत-खोपोली शाखेवर गाड्या मोजक्या. एक चुकली की तासाभराचा खोळंबा. तरी ती सकाळी साडेदहाला हजर असे. मानधनाचे मी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते : शिकायला मिळेल, शेवटी प्रमाणपत्र देऊ. आपल्या व्यापारी घरांत हे वाक्य कोणालाच खटकत नाही. आपणही पेढीवर काकांच्या हाताखाली बिनपगारी बसूनच शिकलो, असे आपण म्हणतो. पण पेढीवर बसणारा पुतण्या जेवायला घरातच असे आणि पुढे पेढी त्याचीच होणार असे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. राज्य शासनाच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही बारावी उत्तीर्ण प्रशिक्षणार्थ्याला महिना ६,००० रुपये विद्यावेतन ठरले. मी स्वतः बँकेत लागलो तेव्हा उमेदवारीच्या पहिल्या दिवसापासून पगार घेतला होता.

तिचे काम पाहणे हा मला नवा अनुभव होता. फोल्डर म्हणजे चार चित्रे आणि फोन नंबर, अशी माझी समजूत. तिने पहिले तीन दिवस केवळ आमचा मजकूर पुन्हा टंकित करण्यात घालवले. आमच्या जुन्या फाइली युनिकोडपूर्व फाँटमधल्या. तिच्या संगणकावर उघडताच त्यांची रोमन अक्षरांची खिचडी झाली. मजकूर नव्याने टंकला, तर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटली : 'स्वामीवात्सल्य' या शब्दात पाय मोडलेले स आणि ल सुटे उभे राहिले, 'अतिथी'तली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांची अक्षरजुळणी वेगळी निवडावी लागते, हे तिने मला दाखवले. अक्षर तिने 'मुक्त' घेतले. मुंबईच्या 'एक टाइप' या समूहाचे, कोणालाही विनामूल्य वापरता येणारे. मी नोकरीत वर्षानुवर्षे 'मंगल' या अक्षरात परिपत्रके वाचली. ते र. कृ. जोशी नावाच्या अक्षरकाराने घडवले, हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी एका विद्यार्थिनीकडून कळले.

मग मजकुराचा प्रश्न आला. मुखपृष्ठासाठी एका विश्वस्तांनी धबधब्याचे छायाचित्र मोबाईलवर पाठवले. ती म्हणाली, "काका, हा आमच्या खोपोलीकडचा धबधबा आहे. भवनापासून पंधरा किलोमीटर तरी असेल. आणि लग्नसराईत तो कोरडा असतो." मी म्हटले, परिसरातलाच आहे, असू दे. त्यानंतर तिने विचारले, "जेवणाच्या हॉलमध्ये एका वेळी किती माणसे बसतात?"

"पाचशे लिही."

"मोजली आहेत का?"

"अंगण धरून होतात. सगळे असेच लिहितात."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि लिहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला कळत नव्हता असे मी म्हणणार नाही. गोदामाच्या दारात उभा राहून मीही त्या व्यापाऱ्याकडे तसाच पाहिलो होतो. फोल्डरच्या हजार प्रती छापल्या. काम उत्तम झाले होते. सभेत सर्वांनी तिचे कौतुक केले, प्रमाणपत्र दिले, आणि जानेवारीअखेर ती गेली.

फेब्रुवारीच्या मध्यास मुंबईच्या एका कुटुंबाने सगाईसाठी भवन घेतले. पाहुणे सुमारे चारशे, सायंकाळचे भोजन, आणि त्यांपैकी बहुतेकांचा चौविहार. त्या दिवसांत सूर्य साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो. यजमानांनी आमच्या फोल्डरवर विसंबून हिशेब केला होता : पाचशेंची सोय आहे, पाचला एकच पंगत, पाहुणे निवांत जेवतील. प्रत्यक्षात एका वेळी बसले एकशे ऐंशी. अंगणात टेबले मांडावीत तर तिथे वाढपाची व्यवस्था नव्हती. दुसरी पंगत उठेपर्यंत सहा वाजून गेले. तिसरी बसली, वाढप सुरू झाले आणि घड्याळाकडे पाहून वडीलधारी मंडळी एकामागून एक ताटावरून उठू लागली. कोणी आवाज चढवला नाही, आणि तेच अधिक लागले. मुलीची आजी, ऐंशीच्या घरातली, भरलेल्या ताटापुढून हात जोडून उठली आणि खुर्चीवर जाऊन बसली. मी भोजनगृहाच्या दारात उभा होतो. मुलीच्या वडिलांनी खिशातून आमचे फोल्डर काढून माझ्या हातात ठेवले, पाचशेच्या आकड्यावर बोट टेकले, आणि पाहुण्यांना निरोप द्यायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी विश्वस्त मंडळाची तातडीची सभा बोलावली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे, हे मी सांगितले तेव्हा मंडळी थोडी हलली. आजीबाई उपाशी उठल्या हे सांगितले तेव्हा कोणी काही बोलेना. निम्मे भाडे परत करावे, असे ठरले. उरलेल्या प्रतींवर नवा आकडा चिकटवावा, असे एकाने सुचवले. मी त्या रद्दीत घातल्या. त्यावरून आमच्यात जो अबोला धरला गेला, तो एका विश्वस्तांच्या बाजूने अद्याप संपलेला नाही.

मग तिला फोन केला. घडले ते सांगितले, चूक माझी होती हेही सांगितले, आणि विचारले, नवे फोल्डर करशील का? या वेळी मोबदला घेऊन. ती थोडी थांबली. म्हणाली, "करीन काका. पण मोजून मगच लिहू."

मार्चात ती आली ती मोजपट्टी घेऊनच. आम्ही दोघांनी भोजनगृह मापले, टेबले मांडली, खुर्च्या मोजल्या. एकशे ऐंशी. सभागृहात दोनशे चाळीस. वाहनतळावर बावीस गाड्या. मुखपृष्ठासाठी ती एका सकाळी राजनाल्याच्या कालव्याच्या बाजूला जाऊन आली. भिवपुरीच्या टाटांच्या वीजकेंद्रातून वीज करून सुटलेले पाणी या कालव्यातून शेतांना मिळते. ते केंद्र १९२२ पासून चालू आहे. त्या पाण्यामुळे आजूबाजूचे डोंगर करपलेले असतानाही कर्जतच्या काही गावांत उन्हाळी भात हिरवागार उभा असतो. भर लग्नसराईतले ते हिरवे शेत तिने टिपले. या तालुक्यात माझे आयुष्य गेले. गिरणीत आलेला भात मी हजारो पोती मोजला. तो उन्हाळ्यात शेतात इतका सुंदर दिसतो, हे मी कधी गाडी थांबवून पाहिले नव्हते. आतल्या पानावर तिने ठळक अक्षरांत छापले : 'एका पंगतीस १८० पाहुणे. सायंकाळी चौविहार असल्यास दोन पंगतींपेक्षा अधिक निमंत्रितांसाठी कृपया आधी बोलावे.' एक विश्वस्त म्हणाले, शेजारचा रिसॉर्टवाला हजार लिहितो. लिहू द्या, म्हटले.

काम संपल्यावर तिने बिल पाठवले : डिझाइन व छायाचित्रण, ४,५०० रुपये. बिलासोबत चुकून तिच्या वहीचे एक पानही आले. त्यावर डिसेंबर-जानेवारीतला खर्च तारीखवार लिहिलेला होता : रंगीत प्रूफ ६० रुपये, पुन्हा प्रूफ ६०, पेनड्राइव्ह, झेरॉक्स, लौजी-कर्जत तिकिटे. बेरीज १,१८० रुपये. ते आम्ही कधी विचारले नव्हते, तिने कधी मागितले नव्हते. मी व्हाउचर पुढे ओढले, ४,५०० खाली दुसरी ओळ लिहिली, मग डिसेंबर-जानेवारीच्या विद्यावेतनाची तिसरी, आणि तिन्ही ओळींपुढे सही करून खजिनदारांकडे पाठवले. खजिनदारांचा फोन आला : तिसरी ओळ कोणत्या ठरावाने? मी सांगितले, पुढच्या सभेत ठराव मांडतो. तोवर ती रक्कम माझ्या नावे टाका.