फारसीचे तीन डबे

मराठी भाषा गौरव दिनासाठी, म्हणजे २७ फेब्रुवारीसाठी, शाळेत तक्ता लावायचा होता: मराठीत बाहेरून आलेले शब्द. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून काम माझ्याकडे. वहीत टिपलेले शब्द मी कधी मोबाइलवर, कधी लॅपटॉपवर टाइप केले. एका ओळीत एक शब्द, स्वल्पविराम, मग मूळ भाषा. दरवाजा, फारसी. वकील, अरबी. तोफ, तुर्की. पगार, पोर्तुगीज. अशा चारशेवर ओळी झाल्या, सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या.

हिंजवडीला नोकरी करणारा भाचा रविवारी पिंपळे सौदागरला आमच्या घरी आला होता. त्याने पर्लमध्ये दहाएक ओळींचा प्रोग्राम लिहून दिला. पर्ल १९८७ची, भाषाशास्त्र शिकलेल्या लॅरी वॉल यांनी केलेली. मजकूर निवडायला आजही कामाची. प्रोग्राम एकेक ओळ उचलतो, स्वल्पविरामावर तोडतो, उजवीकडचा शब्द डब्यावरची चिठ्ठी समजतो आणि डावीकडचा त्या डब्यात टाकतो. त्या नावाचा डबा नसेल तर पर्ल स्वतःच नवा मांडते. डब्यांच्या या मांडणीला हॅश म्हणतात. स्वयंपाकघरात मी दुसरं काय करते?

प्रोग्राम चालला आणि भाचा हसायला लागला. "खाला, तुमारी फारसी तीन जगा बैठी!"

खरंच तीन डबे. एक साधी फारसी. दुसरी नुक्त्याची फ़ारसी. उर्दूचा तास घेऊन आले की हात नुक्ता देतोच. तिसरी डोळ्यांना हुबेहूब दुसरीसारखी! युनिकोडमध्ये नुक्त्याचा फ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अख्खं अक्षर, किंवा फ आणि त्यापुढे सुटा नुक्ता. मोबाइलने एक तऱ्हा घेतली होती, लॅपटॉपने दुसरी. यंत्र अक्षराचं रूप पाहत नाही, आतला क्रमांक पाहतं. भाच्याने आधी दोन्ही एकसारखे केले, मग नुक्ते पुसले. चिठ्ठीवरचेच होते, तरी मला जरा लागलं.

पुढची अडचण त्याच्या हातातली नव्हती. 'बेजबाबदार' हा शब्द मी वर्गात दिवसातून चारदा वापरते. त्यातले 'बे' आणि 'दार' फारसी, मधला 'जवाब' अरबी. साबणावर तर अरबी आणि पोर्तुगीज दोघींचा दावा. शेवटी अशा शब्दांना दोन्ही डब्यांत टाकलं. पर्लची त्याला काही हरकत नसते.

तक्ता लागला. नववीतल्या एका मुलाने तो वाचून विचारलं, "मॅडम, यातले आपले कोणते?"

'आपले' म्हणजे मराठी की मुसलमानांचे, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही.

त्या रात्री राज्यव्यवहारकोश आठवला. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या, १६७४च्या, सुमारास करवून घेतलेला. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. पण मांडणी कामाप्रमाणे: दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, असे दहा वर्ग.

मीही प्रत्येक ओळीत तिसरा रकाना वाढवला: कचेरी, बाजार, स्वयंपाकघर. चार संध्याकाळी गेल्या. प्रोग्राममध्ये बदल एवढाच, की चिठ्ठी दुसऱ्याऐवजी तिसऱ्या तुकड्यावरून घे.

नवा तक्ता लागला त्या दिवशी 'बाजार'खाली त्याच मुलाने पेनाने एक शब्द वाढवला: सौदागर. माझ्या चारशे ओळींत तो नव्हताच.