पहिली भाकरी

दिवाळीच्या दिवसांत कोपरीतल्या आमच्या घरी फराळाची ताटे इतकी येतात, की डबे पुरत नाहीत. आम्ही बेने इस्रायल, हे शेजारपाजारच्या सर्वांना ठाऊक आहे. पण करंजी-चकलीला धर्म नसतो! त्या ताटांची परतफेड आम्ही आमच्या सोयीने मलिद्याने करतो. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची आणि भोवताली मांडलेली फळे. मग चाळीत नव्याने आलेली एखादी सून विचारतेच, "काका, हा प्रसाद कुठल्या देवाचा?"

देवाचाच, पण ज्याच्या आठवणीने तो होतो, तो देव नव्हे. तो एक माणूस, एलियाहू हन्नाबी. ख्रिस्ती मंडळी त्याला एलिया म्हणतात. बायबलातल्या राजांच्या पुस्तकांत त्याची कथा आहे. अहाब राजाला दुष्काळाचा शाप ऐकवणारा हा संदेष्टा मेलाच नाही. अग्नीचा रथ आला आणि वावटळीतून तो वर गेला, असे तिथे सांगितले आहे. जो मेला नाही, तो केव्हाही दाराशी उभा राहू शकतो. म्हणून जगभरचे यहुदी सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी खुर्ची मांडतात, वल्हांडणाच्या रात्री त्याचा प्याला भरून ठेवतात. आम्ही कोकणातली माणसे आणखी एक पाऊल पुढे गेलो. अलिबागजवळ सागाव येथे एक खडक आहे. त्यावर त्याच्या घोड्याच्या टापा आणि रथाच्या चाकांच्या खुणा उमटल्या आहेत, अशी आमच्या वाडवडिलांची श्रद्धा. शेवाट महिन्याच्या पंधराव्या तिथीला जुनी माणसे 'एलियाहू हन्नाबीचा उरूस' म्हणत. नवस त्याचा, मलिदा त्याचा, लग्नाआधीची आठवण त्याची!

नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, त्यांची पोथ्यापुस्तके समुद्रात गेली, असे आमची परंपरा सांगते. पुढे गावोगाव तेलाचे घाणे चालवून ती माणसे जगली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हांला शनवार तेली म्हणू लागले. पोथ्या बुडाल्या, शमा प्रार्थना, सुंता, शब्बाथ आणि हा एलियाहू मात्र आमच्याबरोबर राहिला.

माझे आणि त्याचे भांडण लहानपणीच झाले. १९६० साली माझे वडील छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आईने मलिद्याचा नवस बोलला. दर शनिवारी ती मला बरोबर घेऊन, रूळ ओलांडून, ठाण्याच्या पश्चिमेला आमच्या प्रार्थनालयात जाई. ते १८७९ साली बांधलेले. त्याचे नाव 'शाअर हाशामायिम', म्हणजे स्वर्गाचे दार. त्या दारातून कोणी उतरून येईल, या आशेने मी वाट पाहत असे. पावसाळ्यात वडील गेले.

महिना उलटला आणि आईने पोहे भिजत घातले. मी चिडून म्हणालो, "तो आला नाही. मग मलिदा कसला?" आईने उत्तर दिले नाही. तिने एक ताट भरून माझ्या हातात दिले आणि मागच्या खोलीतल्या सिंधी म्हाताऱ्याकडे नेऊन द्यायला सांगितले. फाळणीनंतर सिंधमधून निघून कोपरीत आलेल्या अनेक कुटुंबांपैकी ते एक होते.

त्यानंतर कितीतरी वर्षे मी प्रार्थनेला गेलो तो केवळ आईला सोबत म्हणून. नोकरी लागल्यावर एका संध्याकाळी मराठी बायबल उघडून मी एलियाहूची कथा स्वतः वाचली. अग्निरथ आणि कर्मेल डोंगरावरचा अग्नी मला कीर्तनांतून ठाऊक होता. आमच्या लोकांत १८८० पासून मराठी कीर्तने होत आली आहेत. पण पानावरचा माणूस निराळाच निघाला. तो आधी भुकेला होता. ओढ्याकाठी त्याला कावळे भाकरी आणून देत. ओढा आटला, तेव्हा तो सारफथ गावी एका विधवेच्या दारी गेला. ती परक्या मुलखातली, परक्या धर्माची. घरात मूठभर पीठ आणि कुपीच्या तळाशी तेल. काटक्या वेचून ती शेवटची भाकरी भाजणार होती, मुलाबरोबर खाणार होती आणि मग मरणाची वाट पाहणार होती. हा तिला म्हणाला, आधी एक लहान भाकरी मला करून आण. मागणी ऐकून राग यावा अशीच! पण तिने दिली. आणि दुष्काळ संपेपर्यंत ना पीठ सरले, ना तेल.

तेलाच्या कुपीची ही गोष्ट घाण्यावर बसलेल्या आमच्या पूर्वजांना किती जवळची वाटली असेल! हा माझा तर्क, शास्त्र नव्हे.

गोष्ट तिथे संपत नाही. त्या विधवेचा मुलगा पुढे आजारी पडून मरतो. ती संदेष्ट्याला सरळ जाब विचारते, आणि संदेष्टाही पुढे जाऊन तोच जाब देवाला विचारतो. अकराव्या वर्षी मी केले, ते पुस्तकात आधीच लिहिलेले होते. तिचा मुलगा उठला, माझे वडील उठले नाहीत. हा फरक मी आजही पुसून टाकीत नाही. पण जाब विचारणाऱ्याला या कथेत कोणी घराबाहेर काढीत नाही, हे पाहून मला त्या घरात पुन्हा बसावेसे वाटले.

आणखी पुढे तर एलियाहू स्वतःच खचतो. एवढ्या मोठ्या विजयानंतर तो राणीच्या धाकाने रानात पळतो, एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश करीत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याची सुरई ठेवतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. मग चाळीस दिवसांची वाट.

हे वाचताना आईचे हात डोळ्यांपुढे आले. वडिलांमागे तिने डबे करायला घेतले होते. दोनाचे चौदा झाले. पहाटे तव्यावरची पहिली भाकरी ती फडक्यात बांधून बाजूला ठेवी. ती आमची नसे. कधी सिंधी बाबांची, कधी रुळांवरच्या गँगमनची, कधी नुसत्याच दाराशी थांबलेल्या कोणाची. पिठाचा डबा खडखडत असला तरी हा नेम मोडत नसे. मी एकदा विचारले, "हे एलियाहूसाठी का गं?" ती म्हणाली, "तो आला तेव्हा भुकेलाच होता ना? मग!" आणि भाकरी उलटली.

१९४८ नंतर आमची माणसे जथ्याजथ्याने इस्रायलला गेली. तिथे आमच्या यहुदीपणाविषयीच शंका निघाली. १९६४ साली ती मिटली. माझा थोरला भाऊ १९६९ साली गेला. दर पत्रात आईला बोलावी. आई म्हणे, "त्याला लिही, माझ्या डब्यांचं कोण बघणार?" मी हसून लिहीत असे, पण माझे स्वतःचे अर्ज लिहून झाले होते आणि पाठवले जात नव्हते, त्याचे कारणही तेच होते. आई १९९१ साली गेली. डबे माझ्या बायकोने चालवले, पुढे वयामुळे थांबवले. पहिली भाकरी थांबवली नाही. आमच्या घराने या गावात राहून करायचे काम म्हणून मला दुसरे काही सापडलेले नाही, आणि शोधण्याची गरजही वाटली नाही.

मुलगी आता अश्दोदला असते. तिच्या मुलाला मराठी तोडकीमोडकी येते. मागच्या हिवाळ्यात त्याने फोनवर विचारले, तिथल्या पावात पहिली भाकरी कशी मोजायची? मी म्हटले, "पावाच्या लादीचा पहिला तुकडा काढ." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "खालच्या मजल्यावर एक इथिओपियाची आजी राहते. तिला कडा आवडत नाही. मधला दिला तर चालेल?"